चार मोजेपर्यंत

मशीनवाल्याला माणसाशी बोलायचं वळण म्हणून नव्हतं, हे आक्काचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. समोरचा बोलतोय तर त्याच्या तोंडाकडे बघावं, एवढं तर दारातलं कुत्रंसुद्धा करतं. पण हा बाबा बोलणार तुमच्याशी आणि बघणार कुठं? तर तुमच्या मागच्या खिळ्याकडे, नाहीतर तुमच्या बोटांकडे, नाहीतर स्वतःच्या बुटांच्या नाड्यांकडे.

"मनात पाप नसेल तर डोळ्याला डोळा द्यायला काय जातं?" आक्का म्हणायची. "नजर काय उसनी आणलीय?"

त्यातही तो तिच्या धाकटीकडे बघायचा नाही, हे आक्काला जास्त झोंबायचं. लेक देखणी होती. गेल्या दोन वर्षांत वाळून काटकी झाली होती, डोळ्यांखाली शाई सांडावी तसं काळं आलं होतं, पण म्हणून काय झालं? सोनं मळलं म्हणून कुणी त्याला पितळ म्हणतं का?

आक्काचं धुलाईचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून तीस वर्षं तिनं एकटीनं चालवलेलं. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. पण कॉलर हातात आली की ती माणूस वाचायची. कोण घरी भांडून आलाय, कोण घाबरून घामाघूम होतो, कुणाच्या शर्टाला दुसऱ्याच घरचं अत्तर आहे – आक्का बोलायची नाही, चिठ्ठी टोचायची आणि गठ्ठ्यावर टाकायची. अशा बाईला एक माणूस वाचता येईना, म्हणून तर खरा राग.

तो पहिल्यांदा आला त्या दिवशी आभाळ आठवडाभरापासून तसंच लोंबत होतं. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेईनात. दुकानात वाफ, ओल आणि साबणाचा वास. धाकटी गल्ल्यामागं चिठ्ठ्या लिहीत होती आणि तिची मुलगी कपड्यांच्या टोपलीत बसून, कपडे धुण्याच्या मशीनच्या गोल काचेकडे बघत होती. मुलीचं नाव काहीही असो, घरात तिला चिमूट म्हणत. जन्मली तेव्हा होतीच चिमूटभर.

दार ढकलून तो आत आला. खांद्यावर काळं ओलं गाठोडं, केसांतून पाणी गळतंय.

"पडदे आहेत. काळे. आठ."

"काळे आहेत ते दिसतंय," धाकटी म्हणाली. "एवढा अंधार लागतो घरात?"

"घरात नाही… कामावर."

"म्हणजे काय, भुतं पकडता की काय?"

दुसरा कुणी असता तर हसला असता. हा टोपलीपाशी थांबला. चिमूट काचेकडे बघत होती. आत चादरी गरगरत होत्या. तो खाली बसला, उकिडवा, आणि तिच्याकडे न बघता तिच्या शेजारी बसून तोही काचेकडे बघायला लागला. दोघंही बघतायत… बघतायत… चादरी फिरतायत. मग त्यानं हळूच विचारलं,

"किती आठवड्यांची?"

धाकटीची पेन्सिल थांबली.

सगळं जग विचारायचं – किती महिन्यांची? अजून चालत नाही? हाक मारली तरी बघत नाही, कानानं ऐकू येतं ना? पण आईच्या पोटात किती आठवडे राहिली, हे दुकानात येणाऱ्या कुणी कधी विचारलं नव्हतं.

"सत्तावीस," ती म्हणाली. मग घाईनं, कुणी हिसकावून घेईल अशी, "सत्तावीस आणि दोन दिवस."

"दोन दिवस फार मोठे असतात," तो काचेला म्हणाला.

इस्त्रीच्या टेबलाकडून आक्का आली ती तोंडाचा पट्टा सोडतच. "आठवडे कसले विचारता? माणसाचं मूल आहे, नोकरीतली रजा नाही!"

तो उठून उभा राहिला. आक्काच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत त्यानं सांगितलं, की इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. फार लवकर जन्मलेली मुलं कुठं बघतात, कशाकडे बघतात, माणसाच्या चेहऱ्याकडे किती वेळ बघतात, हे तिथं मोजतात. सुई नाही, औषध नाही. मूल पडद्यावरची चित्रं बघतं आणि मशीन मुलाचे डोळे बघतं.

"आणि तुम्ही काय बघता?" धाकटीनं विचारलं.

"मी… मशीन बघतो."

"आमची मुलगी प्रदर्शनात मांडायची नाही," आक्कानं निकाल दिला.

"मी जाणार आहे, आई."

वाफ सुटावी तसं ते वाक्य सुटलं. दोन वर्षांत धाकटीच्या तोंडून 'मी जाणार', 'मला हवं' असलं काही निघालंच नव्हतं. जावई काचेच्या पेटीतलं मूल बघायला दोनदा आला होता. तिसऱ्या दिवशी दारातून म्हणाला, "मला नाही बघवत," आणि गेला तो गेलाच. त्या संध्याकाळी धाकटीनं त्याचं ताट वाढून ठेवलं होतं. आक्कानं ते उचललं आणि घासायला टाकलं. "तोंड फिरवून गेलेल्याची वाट या घरात बघत नाहीत," ती म्हणाली होती. तेव्हापासून धाकटी बोलायची ती कपड्यांच्या नंबरांपुरतं.

म्हणून आक्का 'बरं' म्हणाली. पण लेकीला एकटी सोडेल तर ती आक्का कसली. दर महिन्याला तीही बरोबर जायची, डोळ्यांत तेल घालून.

खोली कसली, काळोखाचं कपाट. चारी बाजूंनी तेच धुतलेले काळे पडदे, मधे एक खुर्ची, समोर पडदा, त्याखाली बोटभर जाडीची कॅमेऱ्याची पट्टी. बाजूला मशीनवाल्याचं टेबल, त्यावर दुसरा छोटा पडदा. आक्काला टेबलाशेजारी स्टूल मिळालं.

"मुलीला मांडीवर घ्या," तो धाकटीच्या खुर्चीच्या पायाला म्हणाला, "आणि हा काळा चष्मा लावा."

"यातून मला काहीच दिसत नाही."

"दिसायला नकोच. मशीनला मोठे डोळे आधी सापडतात. तुमचे उघडे असले की ते मुलीला सोडून तुमच्या डोळ्यांकडेच जातं."

"मशीनला चव आहे म्हणायची."

त्याचं बोट भलत्याच बटणावर पडलं आणि खोलीत टॅं करून घंटी वाजली. अंधारातसुद्धा आक्काला त्याचे कान लाल झालेले दिसले. ती खाकरली. ते खाकरणं म्हणजे वाघाची डरकाळीच.

"वय?" तो कागदाला म्हणाला.

"वीस महिने."

"म्हणजे आमच्या हिशोबानं सतरा. जन्मायला हवं होतं त्या तारखेपासून धरतो आम्ही. या मुलांना दोन वयं असतात."

"आमच्या वेळी लग्नाच्या मुलींना असायची दोन वयं," आक्का म्हणाली.

धाकटी हसली. चष्म्याआड, अंधारात, पण खळखळून. आक्कानं ते हसू ओळखलंच नाही आधी… इतके दिवस झाले होते ऐकून.

मग चित्रं लागली. डाव्या बाजूला एका बाईचा हसरा चेहरा, उजव्या बाजूला फिरणारी भिंगरी. छोट्या पडद्यावर तेच चित्र आणि त्यावर एक लाल ठिपका: चिमूट जिथं बघेल तिथं ठिपका. ठिपका भिंगरीवर गेला आणि चिकटून बसला. बाई हसली, ठिपका भिंगरीवर. बाईनं भुवया उडवल्या, ठिपका भिंगरीवर. चेहरा बदलला, दुसरा आला, तिसरा आला. ती माणसं बिचारी हसत राहिली, रिकाम्या दुकानात दुकानदार बसावा तशी.

 घरात आक्का म्हणायची, "मूल शांत आहे, विचारी आहे." आता खोटं बोलायला जागा राहिली नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"हे मशीन बिघडलेलं आहे," ती म्हणाली.

 धाकटीनं चष्मा काढला. "मी तिच्यासमोर बसते," ती म्हणाली. "गाते, तोंडं वेडीवाकडी करते, एकदा तर डोक्यावर टोपली घेऊन नाचले. आणि ही बघते खिडकीच्या कडीकडे. मला एकच सांगा… ती मला बघेल का कधी?"

त्यानं खुर्ची ओढली. झालेली चाचणी पुन्हा लावली, अगदी हळू.

"मोजा," तो म्हणाला.

"एक," धाकटी म्हणाली. ठिपका भिंगरीवर. "दोन… तीन…"

"थांबू नका."

"चार."

ठिपका भिंगरीवरून सुटला, बाईच्या डोळ्यांना लागला आणि इस्त्रीला बोट लागावं तसा मागं पळाला. भिंगरीवर जाऊन बसला.

"पुन्हा दाखवा," धाकटी कुजबुजली.

त्यानं पुन्हा दाखवलं. पुन्हा. पाच वेळा. "सगळ्यांची नजर चेहऱ्यावर लगेच जाते," तो म्हणाला. "हिची उशिरा येते, टिकतही नाही. चेहरा फार बोलतो, सगळा एकदम बोलतो. तो सोसायला हिला वेळ लागतो. आणि लोक तिसऱ्याला तोंड फिरवतात… त्यांना वाटतं, ही बघतच नाही."

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. तो तिच्या हातातल्या काळ्या चष्म्याकडे. आणि आक्का त्या दोघांकडे.

त्यानंतर घरात मोजणी सुरू झाली. धाकटी चिमूटसमोर बसायची, हसायची नाही, गायची नाही, नुसती थांबायची. एक, दोन, तीन, चार. पुष्कळदा काही नाही. कधी सात, कधी दहा. चिमूट कडीकडे, दिव्याकडे, स्वतःच्या मुठीकडे. आणि एका सकाळी पावसाची झड दारावर असताना, चौथ्या आकड्याला, त्या दोन काळ्या बिया उचलल्या गेल्या आणि आईच्या डोळ्यांत पडल्या. एवढंच. पापणी लवेपर्यंत. धाकटी रडली नाही, तिनं फक्त पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवर '४' लिहून ती छातीशी टाचली. तो आकडा दिवसभर तिच्या अंगावर, ती कुणाचा तरी धुवायचा कपडा असल्यासारखा.

आणि पडदे! महिन्यातून एकदा यायचे ते आता आठवड्याला यायला लागले.

"खोलीत काय कोळसा फोडता?" आक्कानं विचारलं.

"धूळ… बसते."

"धूळ बसते की तुम्ही बसवता?"

धाकटी गाठोडं सोडून पडदे मोजायची. "सात आहेत. आठवा?"

"तो उद्या आणतो."

"विसरलात?"

"नाही."

इतकंच. पण 'नाही' म्हणताना तो गल्ल्यावरच्या तिच्या बोटांकडे असा बघायचा, की बोटं आपोआप मिटायची. मग ती म्हणायची, "माझ्या हातावर काही लिहिलंय का?" तो म्हणायचा, "शाई लागलीय. करंगळीला." ती म्हणायची, "कालपण होती." तो म्हणायचा, "काल अनामिकेला होती." आणि आत इस्त्री आदळायची – धप्प!

त्याचा शर्ट आक्काकडे आला होता एकदा. तिनं कॉलर उलटी करून बघितली. स्वच्छ, घासून विरलेली, दुसऱ्या बटणाला वेगळा दोरा. एकटा माणूस, हातानं शिवतो. वाईट काही सापडेना, तर ते तिला आणखी वाईट वाटलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, आणि इथं तर लेक पोळलेली होती.

शेवटी एका दुपारी, धाकटी चिमूटला झोपवायला आत गेली असताना, आक्का गल्ल्यापुढं आली. हात पुसले. "एक विचारते, माझ्याकडे बघून उत्तर द्या. माझ्या लेकीबद्दल तुमच्या मनात काय आहे?"

मशीनवाल्यानं इस्त्रीकडे बघितलं. हँगरकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. नजर नंबरांच्या चिठ्ठ्यांवरून चालत गेली, आक्काच्या शालीच्या काठापर्यंत आली…

"झालं," आक्का म्हणाली. "मिळालं उत्तर. एक जण 'बघवत नाही' म्हणून गेला, दुसऱ्याला बघताच येत नाही. माझं घर म्हणजे धर्मशाळा नव्हे. उद्यापासून पडदे दुसरीकडे टाका."

तो गेला. जाताना गाठोडं उचलायला विसरला. दाराबाहेर पाऊस होता आणि छत्री त्याच्या काखेत तशीच मिटलेली.

त्यानंतरचे सात आठवडे असे गेले, की दुकानात कपडेच तेवढे कोरडे होते. पडदे इस्पितळाची मदतनीस बाई घेऊन गेली. चाचणीलाही तीच बसायची. मशीनवाला पलीकडच्या खोलीत आकडे तपासतोय म्हणे. धाकटी पुन्हा नंबरांपुरती बोलायला लागली. खायची, कारण ताट समोर असायचं. छातीवरची चिठ्ठी कधी पडली, कुठल्या धुण्यात गेली, कुणाला कळलं नाही.

"असं सुतकात बसल्यासारखं बसायचं काही कारण नाही," एके दिवशी आक्का म्हणाली. "सरळ प्रश्न विचारला होता मी. त्याला बघून बोलता आलं नाही."

धाकटी बाही उलटी करत होती. तिनं मान वर केली नाही. "तो अठ्ठावीसचा आहे, आई."

"अठ्ठावीसचा? चाळिशीला टेकलेला दिसतो."

"अठ्ठावीस आठवड्यांचा. अकरा आठवडे काचेत होता. त्यातले कितीतरी दिवस डोळ्यांवर पट्टी, वर निळा दिवा. त्याची आई रोज यायची आणि काचेला कपाळ लावून उभी राहायची… हे त्याला मोठेपणी मावशीनं सांगितलं. त्याला चेहरा सोसायला वेळ लागतो, आई. माझा सोसायला त्याला चार महिने लागले."

आक्काची इस्त्री हवेत राहिली. "मग मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तू किती मोजलेस?"

 आक्काला माहीत होतं. तिसऱ्याला वळली होती ती.

शेवटची चाचणी ठरली तेव्हा चिमूट तिच्या दोन्ही वयांनी दोन पूर्ण करून पुढं गेली होती. त्या दिवशी पडद्यावरची बाई नव्हती. खरी आई समोर बसणार होती, लाकडी चौकटीआड, आणि मूल खऱ्या चेहऱ्याकडे किती बघतं ते मोजायचं होतं. मदतनीस बाई नेमकी तापानं घरी. म्हणून मशीनवाला आला. 'या' नाही, 'बसा' नाही, सरळ चौकटीचे खिळे तपासायला लागला.

"आधी मशीन बसवून घ्यायला लागतं," तो चौकटीला म्हणाला. "मुलीच्या जागी कुणीतरी बसून समोरच्या डोळ्यांकडे बघायचं. आणि एकानं इथं पडद्यावर लक्ष ठेवायचं… ठिपका डोळ्यांवर थांबला की हिरवं बटण." त्यानं इकडंतिकडं बघितलं. खोलीत होतं कोण? चिमूट कोपऱ्यात भिंगरी फिरवत बसलेली, धाकटी चौकटीआड, आणि आक्का.

"बटण मी दाबीन," आक्का म्हणाली. "तीस वर्षं वाफेची इस्त्री दाबतेय."

तो मुलीच्या खुर्चीत बसला. खुर्ची एवढीशी, गुडघे हनुवटीला. एरवी आक्कानं यावर दोन वाक्यं नक्की टाकली असती. पण छोट्या पडद्यावर तिच्या लेकीचा चेहरा आला होता, आणि तो इतका थकलेला होता की आक्काची जीभ वळली नाही.

"बघा," धाकटी हलकेच म्हणाली. "मशीनसाठी बघा."

लाल ठिपका उगवला. धाकटीच्या कानावर. तिथून केसांच्या पिनेवर. पिनेवरून शालीवर, शालीवरून गळ्याजवळच्या बारीक तिळावर. तो तीळ आहे हे आक्कालाही आठवत नव्हतं. तीळ सोडून ठिपका हनुवटीवर आला, थरथरला, पुन्हा कानाकडे पळाला.

"मी कुठं जात नाही," धाकटी म्हणाली. "सावकाश."

एक, आक्कानं मनात धरलं. दोन. तीन. इथं ती वळली होती.

चार.

ठिपका वर आला आणि धाकटीच्या डोळ्यांवर बसला. पळाला नाही. पाच… सहा… दहा… हिरवं बटण आक्काच्या बोटाखाली होतं आणि बोट हलत नव्हतं. वीस. धाकटीचे डोळे भरत चालले होते, आणि ठिपका त्या पाण्यातच उभा, जागचा हलत नव्हता. सगळी खोली काळी. त्यात एवढंसं लाल, देवघरातल्या वातीसारखं.

आणि आक्काला भिंत दिसली.

धाकटीच्या आधी एक झाला होता. सातव्या महिन्यात. सासू म्हणाली होती, "बघू नकोस गं. बघितलंस की जीव अडकेल." आक्का तेव्हा एकोणीस वर्षांची. तिनं भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस पाठीमागं मांजराच्या पिल्लासारखा आवाज येत होता. मग यायचा थांबला. भिंतीला पोपडा कुठं सुटला होता ते तिला आजही सांगता आलं असतं. मुलाचं नाक कसं होतं, ते नाही.

"आक्का?" तो म्हणाला. "बटण…"

"दाबते," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला, तर खाकरून तिनं तो धुऊन काढला. "घाई काय आहे?"

चिमूटची चाचणी झाली. चमत्कार काही झाला नाही. ठिपका आईच्या पिनेवर रेंगाळला, चौकटीच्या खिळ्यावर बसला. सहाव्या आकड्याला एकदा डोळ्यांना शिवला, अकराव्याला पुन्हा. बस्स. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून दाखवला: पूर्वीपेक्षा बरं आहे, शाळेत अवघड जाईल, कदाचित कायमच थोडं असंच राहील. धाकटीनं कागदाची घडी घातली, चार पदरी, कपड्याची घालावी तशी.

खोलीबाहेर इस्पितळाच्या लांबट कॉरिडॉरमध्ये खोकी रचली होती. इथलं काम संपलं होतं. मशीन दुसऱ्या गावी जाणार होतं आणि मशीनबरोबर मशीनवाला. पडदे उतरवून तो घड्या घालत होता. चुकीच्या.

"कधी निघायचं?" धाकटीनं विचारलं.

"परवा. नाहीतर…" तो घडीला म्हणाला. "इथंच, लहान मुलांचे डोळे तपासतात त्या विभागात जागा आहे. उद्यापर्यंत सांगायचंय. मी राहीन… कुणी राहा म्हटलं तर."

"कुणी म्हणजे?"

त्यानं पडदा खाली ठेवला. मोजता येईल इतका वेळ गेला. मग त्यानं तिच्याकडे बघितलं, मशीन नाही, ठिपका नाही, नुसतं बघितलं. "तुम्ही म्हटलंत तर. रोज तुमच्यासमोर बसून उशीर करावा… असं वाटतं मला."

धाकटीच्या गालांवर किती तरी महिन्यांनी रंग चढला. "मी तर पहिल्या गाठोड्यालाच म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण एकदा माझं मी ठरवलं, आणि मला आणि लेकीला सांभाळायची वेळ आईवर आली. या वेळी तिला दुखवून मी काही करणार नाही. तिला विचारा."

तो आक्कासमोर येऊन उभा राहिला. आक्का बाकावर बसली होती, मांडीवर चिमूट. चिमूट खिडकीवरून ओघळणारे थेंब बघत होती. तो बोलायला गेला.

"गप्प," आक्का म्हणाली. "आधी बघा."

त्याची नजर तिच्या चपलांवर पडली. तिथून चिमूटच्या मुठीवर. शालीच्या काठावर, तिच्या भाजलेल्या अंगठ्यावर. एक. दोन. तीन. आक्काची मान सवयीनं वळायला निघाली. तिनं ती धरून ठेवली, दाताखाली ओठ धरून. चार. पाच. कॉरिडॉरमधून कुणी गेलं, कुणी आलं. सहा. सात.  आठ.

नवव्याला तो वर आला. डोळे तपकिरी होते, भेदरलेले, आणि खोटं काही नव्हतं त्यांत. कॉलरीसारखेच होते: विरलेले, स्वच्छ.

आक्कानं त्याला पुरतं बघून घेतलं. मग मांडीवरची चिमूट उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली,

"नजर उशिरा येते रे तुझी. पण येते. एकदा एकाची वाट न बघता मी भिंतीकडे तोंड केलं होतं, ते मला जन्मभर पुरलं. आता आमच्या घरी उशिरा येणाऱ्याचं ताट उचलणार नाही मी. झाकून ठेवीन."